भर उन्हातल्या उल्का

सबीहा शेख नंदुरबारच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. हुद्दा तेवढाच, पण गच्चीवरची अँटेना तिची. नऊ वर्षांपूर्वी गुजरातमधल्या एका संशोधन संस्थेतले नवनीत सर ती घेऊन आले, तेव्हा शिडीवर चढायला कोणी तयार नव्हतं. सबीहाचे अब्बा, सत्तारभाई, रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात बसून ती लहानपणीच तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली होती. तिनं ओढणी कमरेला गुंडाळली आणि चढली.

सरांनी तिला समजावलं होतं. उल्का नव्वद-शंभर किलोमीटर उंचीवर जळते आणि मागे क्षणभर एक रेघ सोडते. शेकडो किलोमीटर लांबच्या रेडिओ केंद्राचा सूर एरवी इथवर पोचत नाही, पण त्या रेघेवर आपटून तो खाली येतो. यंत्रात बारीकसं 'टुंई' वाजतं. म्हणून उल्का भर उन्हातही मोजता येतात. जळलेल्या उल्कांचं लोखंड, सोडियम वरच थर धरून राहतं. त्यांच्या राखेच्या कणांवर उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात बर्फाचे फार उंच ढग धरतात, आणि सूर्य बुडाल्यावर ते निळे चमकत राहतात.

"इथून दिसतील?" तिनं विचारलं होतं.

"नाही. त्यासाठी खूप उत्तरेला जावं लागेल."

ते ढग तिच्या डोक्यात राहिले ते राहिलेच. नऊ वर्षं ती रोजचे आकडे वहीत लिहीत आली.

मग गायत्री पावरा आली. सातपुड्यातल्या मोलगीकडची, एम.एस्सी.ला. दोन महिन्यांत पोरगी सगळं शिकली आणि उल्का आपोआप मोजणारा प्रोग्रॅमही तिनं लिहिला. आधी सरांचा फोन सबीहाला यायचा, आता गायत्रीला येऊ लागला. एकदा सर सहज म्हणाले, "गायत्रीच्या स्टेशनचे आकडे पाठवा." सबीहानं पाठवले, पण त्या दिवशी तिला डबा गेला नाही. गायत्रीचं हसणं, सरांशी इंग्रजीत पटपट बोलणं, सगळंच तिला खुपायला लागलं. आपणच हिला डाग द्यायला शिकवलं, हे ती मनात पुन्हा पुन्हा घोळवायची.

फेब्रुवारीत कळलं की जुलैमध्ये एस्टोनियात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे. विद्यार्थ्यांसाठीच. निवड झाली तर गायत्री जाणार. तिथून ते ढग दिसतात.

निवडीसाठी गायत्रीनं मागच्या जूनचा आलेख काढला. पहिल्या आठवड्यात सकाळपासून दुपारपर्यंत उल्का तिप्पट झाल्या होत्या. बाहेरच्या मिरचीबाजारातून तिखट खकाणा उडत येत होता. शिंकत शिंकतच तिनं लॅपटॉप सबीहापुढे धरला.

"ताई, काही चुकलंय का बघा ना."

सबीहाला पाहताक्षणी दिसलं. त्याच आठवड्यात, गायत्री यायच्या आधी, कॉलेजच्या भिंतीपलीकडे दोधू मिस्तरी लोखंडी फाटक जोडत होता. वेल्डिंगची ठिणगी उडाली की यंत्र 'कर्र' करायचं. कानाला फरक कळत होता, प्रोग्रॅमला नाही. दोधूनं तेव्हा भिंतीवरून विचारलंही होतं, "ताई, मन्हा वेल्डिंगमुये तुम्हनं यंत्र बिघडी ऱ्हायनं का?" सबीहाच्या वहीत नोंद होती: तीन ते सहा जून, वेल्डिंग.

"छान आहे," सबीहा म्हणाली. "काही चुकलेलं नाही."

चार दिवस ती गप्प राहिली. आता हिची फजिती होईल, या विचारानं तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत नव्हती.

मुलाखत ऑनलाइन होती, प्रयोगशाळेतूनच; सबीहा बाजूला बसली होती. आलेख बघताच निवड समितीतले नवनीत सर थांबले. "हे फारच उंच आहे. जवळ कुठे वेल्डिंग वगैरे चालू होतं का?"

गायत्री गोंधळली. मग म्हणाली, "मला माहीत नाही, सर. पण स्टेशन सबीहाताईंचं आहे. त्यांनी तपासलंय. बरोबर आहे म्हणाल्या."

नऊ वर्षांत कोणी पहिल्यांदाच ते स्टेशन तिचं म्हटलं होतं.  सबीहा उठून कॅमेऱ्यासमोर गेली.

"वेल्डिंग चालू होतं, सर. माझ्याकडे नोंद आहे. मी हिला सांगितलं नाही."

"का?"

"सांगावंसं वाटलं नाही."

 सरांनी आकडे साफ करायला आठवडा दिला.

दोघी जूनचं ध्वनिमुद्रण ऐकत बसल्या. 'टुंई' ठेवायचं, 'कर्र' खोडायचं. गायत्री फक्त वेळ सांगायची आणि सबीहा ती लिहायची. चौथ्या दिवशी गायत्रीनं हेडफोन काढला.

"माझं काय चुकलं होतं, ताई?"

"काही नाही. तुला जायला मिळणार होतं. मला नाही."

"मग माझ्याशी भांडायचं होतं. खोटं कशाला बोललात?"

 सबीहानं पुढचा तुकडा लावला.

खोडाखोड झाल्यावर तिपटीच्या जागी दीडपट उल्का उरल्या, पण त्या पक्क्या होत्या. सूर्याच्या बाजूनं येणारा, डोळ्यांना कधीच न दिसणारा जूनचा उल्कावर्षाव नंदुरबारच्या गच्चीवरून नीट मोजला गेला होता. सरांनी अहवालावर दोघींची नावं घातली. निवड गायत्रीचीच झाली. निघताना ती सबीहाच्या पाया पडली नाही. "येते," एवढंच म्हणाली.

जुलैत एका सकाळी गायत्रीनं पाठवलेला फोटो आला. काळ्या झाडांच्या वर निळसर चांदीच्या लाटा. खाली लिहिलं होतं, 'तुमचे ढग.'

 सबीहानं फोन पालथा ठेवला आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'दिशा कोणती? क्षितिजापासून किती वर?' गायत्रीनं लगेच सगळं मोजून कळवलं, आणि मग दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

हेवा गेला नव्हता. त्याच आठवड्यात सबीहा घरी कोणाला न सांगता बाजारातल्या सायबर कॅफेत गेली आणि स्वतःच्या पासपोर्टचा अर्ज भरून आली.