पावतीवरचे नाव

माझी पत्नी पोंभुर्ण्यात कर सल्लागार होती आणि मी ग्रंथपाल. तिच्या कामातले मला थोडेच कळे. पण दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्या पुढच्या खोलीत ती गावातल्या लोकांना बोलावून नियमांत यंदा काय बदलले ते सांगत असे, आणि तेवढे मी आतल्या खोलीत पुस्तक उघडे ठेवून ऐकत असे. आधी ती सरकारी भाषेतले वाक्य वाचायची, मग म्हणायची, "आता तुमाले काय करा लागते थे सांगतो."

दिवाळीनंतर ती गेली. एप्रिल आला तेव्हा मी कोणालाच बोलावले नव्हते, तरी लोक आले. किराणा दुकानदार, नोकरदारांना खोल्या भाड्याने देणारे एक घरमालक, आणि अभ्यासिकेच्या संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे गावच्या तलावात जन्मभर मासे धरलेले वयस्कर गृहस्थ. त्यांना सगळे दादा म्हणतात. पत्नी ज्यांच्याबरोबर काम करायची, त्या चंद्रपूरच्या सीएंनी बदलांचे टिपण मला पाठवून ठेवले होते. मी ते वाचू लागलो. राहण्यासाठी दिलेल्या घराचे भाडे धंद्याच्या उत्पन्नात दाखवता येत नाही, ते घराच्या उत्पन्नातच दाखवायचे, इथे घरमालकांनी मला तिसऱ्यांदा थांबवले.

"भाऊ, तुमी पोथी वाचून राह्यले का? बाई असत्या तर आतापर्यंत चहा होऊन लोक घरी गेले असते."

सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

बाकीचे गेल्यावर दादा मागे थांबले. अभ्यासिकेत पोलीस आणि वनरक्षक भरतीची तयारी करणारी मुले बसतात. मुलींना तिथे जागा अपुरी पडते, म्हणून चंद्रपूरचे एक व्यापारी वेगळी खोली बांधून द्यायला तयार झाले होते. त्यांची अट एकच होती. संस्थेची आयकर खात्याकडची नोंदणी अजून तात्पुरती होती. ती कायम झाली, तरच ते पैसे देणार होते. त्यासाठी देणगीदारांची नावे आणि त्यांचे आधार किंवा पॅन क्रमांक द्यायचे होते. पत्नी आधी आजारी होती आणि मग गेली, त्यामुळे वर्षभर पावत्या दादांनीच फाडल्या होत्या. मी पावती पुस्तक सीएंना पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "सर, यातले बहुतेक देणगीदार देणगी देण्याच्या आधीच वारलेत."

चूक आमच्याच रीतीतली होती. आमच्याकडे बरेच लोक आता तेरवीला भांडी वाटत नाहीत, अभ्यासिकेला देणगी देतात, आणि पावती गेलेल्या माणसाच्या नावाने घेतात. आणून देणारा स्वतःचे नाव सांगत नाही. "देनारा तर थो होय, मी फक्त आनून देल्लं," असे म्हणतो. दादांनी लोकांनी सांगितले तसेच लिहिले होते. कायद्याच्या नजरेत मात्र ही सगळी निनावी देणगी होती. तिच्यावर कर लागला असता आणि नोंदणीही अडकली असती.

मग दादा आणि मी घरोघरी निघालो. देणगी खरोखर कोणी आणून दिली ते विचारायचे, त्यांचे आधार कार्ड पाहायचे. बहुतेकांनी दिले. तलावाच्या पाळीजवळ राहणाऱ्या एका बाईंनी मात्र नकार दिला. त्या बाजारात मासे विकतात. त्यांचा मुलगा याच अभ्यासिकेत बसत असे. तो तापाने गेला.

"माहं नाव काऊन पाह्यजे? पोरानं देल्लं हाये."

"बाई, खोली अडून राह्यली," दादा म्हणाले.

"अडू द्या. माहं नाव टाकलं तर त्याच्या नावानं काय उरलं, दादा? राशन कार्डातून काढलं. आता इथूनबी काढता?"

पत्नीच्या तेरवीला मी दिलेल्या देणगीची पावती माझ्याच पाकिटात होती आणि तीही तिच्याच नावाची होती. ती काढून मी बाईंच्या हातात दिली. त्यांना फारसे वाचता येत नाही. त्यांनी दादांना विचारले, "हे कोनाचं नाव?"

"याइच्या घरच्या बाईचं."

त्यांनी पावती घडी मोडू न देता परत दिली आणि मला बसायला सांगितले.

त्यांच्याच ओसरीवरून मी सीएंना फोन लावला. दोन्ही नावे एका पावतीवर येतील का, एवढेच विचारले.

"येतील की. कोणाच्या स्मरणार्थ हे खुशाल लिहा. फक्त देणारा जिवंत पाहिजे, सर."

मी ते बाईंना सांगितले. त्यांनी विचारले, "वरतं कोनाचं नाव राहीन?"

"पोराचंच," दादा म्हणाले. "मोठ्या अक्षरात. सरकारले खालचं वाचता येते."

त्या आत गेल्या आणि कार्ड घेऊन आल्या.

नव्या पावत्या छापल्या. वर 'यांच्या स्मरणार्थ', खाली देणाऱ्याचे नाव आणि क्रमांक. माझी स्वतःची पावती मी सगळ्यात शेवटी लिहिली. तिचे नाव लिहून झाल्यावर खालच्या ओळीवर माझे लिहायला मला वेळ लागला. पत्नीच्या मरणानंतर कागदावर आम्ही दोघे एकत्र येण्याची ती पहिलीच वेळ होती.

देणगीदारांचे दुरुस्त केलेले विवरण सीएंनी मुदतीत भरले. खात्याने एकदा खुलासा मागितला, तो आम्ही दिला. पावसाळा संपता संपता नोंदणी कायम झाल्याचे कळले. व्यापारी शब्दाला जागले. खोलीला गेल्या आठवड्यात दारे बसली. रंग अजून व्हायचा आहे, पण मुलींनी वाट पाहिली नाही. काल गेलो तेव्हा ओल्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवून त्यांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि मासे विकणाऱ्या त्या बाई दारात उभ्या राहून एकीला विचारत होत्या, "इथी पंखा कुठी लागन वो?"