बाजूला व्हा, गरम आहे!

इस्पितळाच्या डोळ्यांच्या वॉर्डात वॉर्डबॉय मामांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. ट्रॉलीवर औषधं असोत की धुतलेल्या चादरी, वळण आलं की ते ओरडत, "बाजूला, बाजूला! गरम आहे!" गरम काहीच नसे. पण नातेवाइकांचा घोळका चटकन भिंतीला चिकटे.

मग यंत्रमानव आला. कमरेइतका उंच, पोटात चार खण, डोळ्यांच्या जागी दोन निळे दिवे. औषधं त्याने नीट पोचवली, तर मामांची बदली तळघरात, कपड्यांच्या कोठीवर, असं ठरलं. तिथे नुसती गाठोडी. आणि मामांना तर चार माणसांशी बोलल्याशिवाय अन्न पचत नसे.

यंत्र भारी नम्र. "कृपया वाट द्यावी," ते म्हणे, आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढत उभे राहत. एका पाहुण्याने तर त्याच्या डोक्यावर पिशवी ठेवली. दुपारचे थेंब संध्याकाळी पोचले. मामांची कळी खुलली.

पण मोठ्या सिस्टर वस्ताद. "मामा, तुमचं ते 'गरम आहे' जरा या यंत्रात बोलून ठेवा."

मामा घसा खाकरून झोकात बोलले. यंत्र सुसाट सुटलं आणि मामा कोठीत गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांना बोलावणं आलं.

"मामा, तुमच्याविरुद्ध नऊ तक्रारी आहेत," सिस्टर वॉर्डाच्या दारातच म्हणाल्या.

"अहो, मी वॉर्डात पाऊलसुद्धा टाकलं नाही!"

"ऐका तर."

आत डोळ्यांना पट्टी बांधलेल्या पाच नंबरच्या आजी हात पुढे करून म्हणत होत्या, "मामा, जरा पाणी द्या."

वाटेत हात आला म्हणून यंत्र मामांच्या आवाजात गरजलं, "बाजूला! गरम आहे!"

"मग गार द्या की!"

"बाजूला, बाजूला!"

"खाटेवरून कुठे बाजूला होऊ? शिंगं फुटलीत का तुम्हाला?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षांचं नाव तीन दिवसांत धुळीला मिळालं होतं.

"यंत्रातून तुमचा आवाज काढून टाकला तर त्याला वाट मिळत नाही," सिस्टर म्हणाल्या, "ठेवला तर तुम्ही बदनाम. तेव्हा उद्यापासून त्याच्याबरोबर फिरा आणि लोकांना उत्तरं द्या."

आता दोघं जोडीने फिरतात. पाणी, उशी, विचारपूस मामांकडे. काल मामा वळणावर एका काकांशी गप्पांत रंगले होते. मागून आवाज आला, "बाजूला, बाजूला! गरम आहे!"

मामा दचकून भिंतीला चिकटले. यंत्र पुढे गेलं. त्याच्या पोटात फ्रिजमधल्या थंडगार बाटल्या होत्या, मामांनीच भरलेल्या.