शिवंपार

कौशल्याबाई माही मोठी जाऊ. बडनेऱ्याच्या अलीकडं आमचं गाव, तथी आमचं झेंडू-शेवंतीचं वावर. सासूबाईच्या दुखण्यात नागपूरले दवाखान्याच्या पायरीवर आमी दोघी झोपलो होतो. एका संस्थेच्या बाईनं आमाले उठवून पेशंटच्या माणसायसाठी बांधलेल्या त्यायच्या घरात नेलं, गरम वरण-भात खाऊ घातला. सासूबाई काही वाचल्या नाईत, पण कौशल्याबाईच्या डोक्यातून ते घर गेलं नाई. त्या घरासाठी पैसे जमवाले ही बया चक्क पळाले लागली. पंचेचाळिशीत! अमरावतीच्या मैदानावर दिवसभर चकरा मारायच्या शर्यती, गळ्यात झोळी, लोक कौतुकानं नोटा टाकत. मी बडबड करायची, "बाई, गुडघे गेले तं फुलं काय मी एकटी तोडू?" त्या नुसत्या हासायच्या.

मंग माह्या मोनालीलेच सासूबाईवालं ते दुखणं निघालं. मी त्याचं नाव घेत नाई, घरात कोणीच घेत नाई. कॉलेजातली पोरगी, डोक्यावर केस राहिले नाईत. सुई टोचाच्या वक्ती तिले आई लागत नाई, मोठीमायचा, कौशल्याबाईचा, हात लागते. मले वाईट नाई वाटलं असं कसं म्हणू? वाटलं. पण पोरीपुढं काय बोलता!

माघातला रविवार होता. कौशल्याबाई पहाटेच अकोल्याहून निघून घरापर्यंत पळणार होत्या, अन् सोमवारी सकाळी मोनालीसंग सुईसाठी नागपूरले जाणार होत्या. पोरीले तसा शब्दच देल्ला होता. अंगात संस्थेचं पिवळं टीशर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरात छापलेलं, 'चला, कॅन्सर पळवून नेऊ!' मी मागून स्कुटीवर, पाणी अन् केळं घेऊन.

बोरगावच्या पुढं एका गावात पारावर म्हातारी बसली होती. कोणीतरी तिले टीशर्टावरचं वाचून दाखवलं. ती उठली. "कुठी नेतं वं माय पळवून?"

बाईले दम लागला होता. त्यायले 'कुठी' तेवढंच ऐकू आलं. "घरी!" म्हणाल्या अन् हासल्या.

म्हातारी हासली नाई. घरात गेली, कोणावरून तरी उतरवलेलं लिंबू घेऊन आली अन् तोंड फिरवून झोळीत टाकलं. आमी गावाबाहेर पडलो तशी मागून आरोळी आली, "रोगराई घेऊन जाय वं मारबत!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मारबत काढतेत. गावाची सारी रोगराई त्या पुतळ्याच्या माथी मारतेत, शिवंपार नेतेत अन् जाळतेत. पण ते पुतळ्याले. जित्या बाईले कोण म्हणते? अन् माघात?

मी स्कुटी वळवली. "काय वं बुढे, डोळे फुटले का तुहे?"

"जाऊ दे मैना," बाई म्हणाल्या. "टाकलं तं टाकलं."

फोन आमच्या पुढं पळत गेला असन. पुढच्या गावात दिवसाढवळ्या रस्त्यावर चिटपाखरू नाई, सारी दारं बंद. रस्त्याच्या कडेनं मात्र मांडून ठेवलेलं. लिंबं. नोटेत गुंडाळलेली लेकराची बांगडी. केस अडकलेली फणी. खिडक्यायच्या फटीतून डोळे दिसत होते. बाई एकेक वस्तू वाकून उचलत होत्या.

"कायले उचलता वो बाई?"

"कोणाचं तरी हाय नं."

त्यानंतरच्या गावातही तेच. झोळी फुगत गेली, पट्टा मानेत रुतला. बाईनं थकाले पायजे होतं, पण त्यायचा जोर वाढतच होता. मूर्तिजापूर गेलं अन् त्यायनं पाणी घेणं बंद केलं. ओठ हलत होते.

मी स्कुटी बाजूले घेतली. "कोणासंग बोलता?"

"बोलत नाई, ऐकून राहिली," त्या म्हणाल्या. "कोणाले कुठी दुखते, ते सांगून राहिले."

मले भेव वाटलं. मी स्कुटी पुन्हा मागं घेतली.

सांज पडता पडता आमच्या नाल्याचा पूल आला. पुलावर अर्धं गाव उभं. शेजारचे जानरावभाऊ पुढं झाले. "वयनी, झोळी नाल्यात सोडा. चार दिवस वावरातल्या झोपडीत राहा. गावात नोको आणू."

"नाल्यात नाई टाकत," बाई म्हणाल्या. "लोकायनं भरोशानं देल्लं हाय. अन् सकाळी मले पोरीसंग जायचं हाय."

त्यायनं माह्याकडं पायलं. परक्या गावच्या बुढीवर तुटून पडलेली मी, माह्या गावाशी तं भांडाले पायजे होतं. पण ती झोळी माह्या पोरीच्या उशाशी? मी म्हणलं, "बाई, भाऊ म्हणतेत तसं करा."

तेवढ्यात गर्दी फाटली. मोनाली येऊन राहिली होती, डोक्यावर ओढणी नाई, उघडं टक्कल. सरळ बाईपाशी आली. "मोठीमाय, लय जड हाय का वं?" म्हणून झोळीले हात घातला.

"मोने, हात नोको लावू!" मी किंचाळली.

"आई, माह्या अंगात कॅन्सर हायच," पोरगी म्हणाली. आमच्या घरच्या माणसाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला. "आता मले कोणाचं लागन?"

तिनं झोळी आपल्या गळ्यात घातली. बाईचा हात धरला. दोघी चालाले लागल्या तशी माणसं कठड्याले चिकटून मागं सरली. जानरावभाऊही सरले.

पूल ओलांडून मोनाली थांबली. "आई, तू येतं का?"

मले हो म्हणाचं होतं. देवाशपथ, लय म्हणाचं होतं. पण त्या झोळीत कोणीतरी हळूच कण्हलं, अन् माह्या पोटच्या पोरीकडं माहा पाय काही उचलला नाई.