भागीरथीवहिनींचा मोदक

नवरा जेवून उठला की भागीरथीवहिनी त्याच्या पानावर वाकून बराच वेळ पाहत. पान पुसून काढल्यासारखं असे. मग त्यावरच स्वतःचा भात वाढून घेत आणि गप्प जेवत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ठाण्यात त्या आमच्या शेजारी राहत आणि मी नुकती लग्न होऊन आलेली. नवऱ्याच्या उष्ट्या पानावर जेवायची रीत आमच्याकडेही होती, पण त्यात एवढं निरखायचं काय, हे मला कळेना. मला वाटे, बाई संशयी असावी.

त्याचं कारण त्यांनीच एकदा तळ्यावर धुणं आपटताना सांगितलं.

"भरल्या घरात नवरा बायकोशी बोलणार कुठे? म्हणून वांग्याच्या दोन फोडी, पापडाचा मोठा तुकडा, असं काहीबाही माझ्यासाठी पानात ठेवून उठणं व्हायचं. मला ते दिवसभर पुरायचं ग."

मग एकदा नवराबायकोचं भांडण झालं. कशावरून, तर अळवावरून. कळव्याहून येणाऱ्या आगरणीकडून वहिनींनी अळू घेतलं, ते नवऱ्याच्या घशाला खाजलं. "कल्याणच्या माणसांना अळूसुद्धा पारखता येत नाही," असं तो म्हणाला. वहिनींचं माहेर कल्याणचं. त्या फणकारल्या, "खवखव अळवाची नाही, जिभेची आहे." झालं. चार दिवस पानात शीतसुद्धा उरलं नाही. पाचव्या दिवशी चतुर्थी होती. वहिनींनी मोदक केले, पण रुसवा काही जाईना. नवरा उठताच पान न पाहता उचललं आणि गोठ्यात गाईपुढे टाकलं. गाईनं तोंड घातलं तेव्हा दिसलं, पानात एक अख्खा मोदक होता. मागे वळल्या तर नवरा दारात उभा.

"मी मेली हट्टी," वहिनी म्हणाल्या. "तेव्हाच सांगायचं होतं, मी पाहिलं नाही म्हणून. आज सांगू, उद्या सांगू, करता करता अकरा वर्षं झाली. पुन्हा माझ्यासाठी काही उरलं नाही."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. तो गृहस्थ काही वाघ नव्हता. कचेरीत कारकुनी करणारा साधा माणूस. "आजच सांगा," मी म्हटलं. "उद्या मी विचारणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्या उशिरा आल्या आणि धुणं तसंच ठेवून पायरीवर बसल्या.

"सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, त्या चतुर्थीचा मोदक माझ्या नजरेस आला नाही, राग नसावा. तर म्हणाले, कसला मोदक? मी अळवाची, गाईची, सगळी आठवण दिली. स्वारीला काही आठवेना. हसून म्हणाले, मी कशाला रागावू?"

मला वाटलं, सुटली बाई. तसं बोलूनही गेले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "राग नव्हता, तर मग ग इतकी वर्षं पान रिकामं कशानं असायचं?"

मग उठून त्यांनी धुणं आपटायला घेतलं. त्यांचं लुगडं पिळायला मी दुसरं टोक धरलं.