मुंग्या येणारा नळ

लग्न होऊन मी रत्नागिरीकडून भाईंदर पूर्वेला आले तेव्हा सत्तरीचं दशक सरत आलं होतं. दोन खोल्या, आतच न्हाणीघर आणि माणसं चार: सासूबाई, माझे यजमान, त्यांचे मोठे भाऊ आणि मी. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. घरात शब्द त्यांचाच चालायचा.

त्या थंडीत भाऊजींनी एक जुना गिझर आणला. ऑफिसातल्या साहेबांच्या बंगल्यातून काढलेला. पत्र्याला पोपडे आले होते, खालच्या नळीला गंज होता, पण भाऊजींनी तो स्वतः भिंतीवर बसवला आणि खाली राहणाऱ्या घरमालकांना मुद्दाम वर बोलावून दाखवला. घरमालक जुने मिठागरवाले. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आपला पानी खारा हाय. लोखंड न्हाय टिकत त्यात."

भाऊजी हसले. घरमालक खाली गेल्यावर म्हणाले, "यांना मिठाशिवाय काय कळतंय."

दुसऱ्या दिवसापासून फ्यूज उडायला लागला. गिझर लावला की थोड्या वेळात खट्ट, आणि पंखा, दिवा सगळंच बंद. भाऊजी न्हाणीघरातून ओरडायचे, "इस्त्री लावलीस ना?" मी इस्त्रीला हातही लावलेला नसायचा. तरी रोज तेच.

एकदा ते कामावर गेल्यावर मी घरातली सगळी बटणं बंद केली आणि नुसती इस्त्री लावून बसले. फ्यूज टिकला. मग इस्त्री काढून नुसता गिझर लावला. पाणी कोमट व्हायच्या आत फ्यूज गेला. संध्याकाळी जेवताना मी ते सांगितलं.

"तू वायरमन कधीपासून झालीस?" भाऊजी म्हणाले. यजमानांनी आमटीची वाटी पुढे ओढली.

रविवारी भाऊजींनी फ्यूजमधली बारीक तार काढून तिथे तांब्याची जाडजूड तार गुंडाळली. "आता बघू कसा उडतोय." खरंच उडाला नाही. दिवसभर ते त्याच फुशारकीत होते.

त्यानंतर गिझरच्या नळातून तांबूस पाणी यायला लागलं. त्यात खपल्या असायच्या आणि बादली भरली की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. ते अंगावर घेताना मला शिसारी यायची. सासूबाई बिचाऱ्या त्याच पाण्याने चूळही भरायच्या, कारण गार पाण्याने त्यांचे दात ठणकायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, "नळाला हात लावला की मुंग्या येतात रे मला."

"आई, तुझा वात आहे तो," भाऊजी म्हणाले. पेपरातून मान वर केली नाही.

त्या बिचाऱ्या पदराने धरून नळ फिरवायला लागल्या. आणि त्याच सुमारास भाऊजींनी मला सांगितलं, "माझं पाणी स्टोव्हवरच ठेवत जा. मला घाई असते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका सकाळी मी भांडं विसळता विसळता ओल्या हाताने तो नळ धरला. हात खांद्यापर्यंत हिसडला गेला, भांडं उडून पडलं. तोंडात लोखंडाची चव आली. श्वास सावरल्यावर मी गिझरचं बटण बंद केलं आणि बाहेर आले. भाऊजी चहा पीत होते.

"नळात करंट आहे," मी म्हणाले. "चला, तुम्ही हात लावून बघा."

ते उठले नाहीत. "ओल्या हाताने लावायचाच कशाला? मी कुठे लावतो?"

सासूबाई स्टोव्हला पंप मारता मारता थांबल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"जरासा लागतो. एवढं काय त्यात? रबरी चप्पल घालायची." आणि त्यांनी बशीतला चहा फुरकन ओढला.

तो आवाज मला ऐकवेना. स्वतः स्टोव्हवरच्या पाण्याने अंघोळ करायची आणि म्हातारीच्या हाताला वात ठरवायचा. मी सरळ जाऊन मेन बंद केला आणि फ्यूजचा ठोकळा उपसून घेतला. यजमान पायात चपला सरकवून केबिन रोडवरून वायरमनला घेऊन आले.

वायरमनने झाकण काढलं तेव्हा आधी मेलेली झुरळं खाली पडली. मग त्याने पाणी तापवणारी कॉइल ओढून बाहेर काढली. ती फाटलेली होती, तिच्यातूनच करंट पाण्यात उतरत होता; तिच्यावर क्षारांचा पांढरा थर आणि त्याला बुळबुळीत तपकिरी चिखल लपेटलेला. तो थबकन मोरीत पडला आणि खोलीभर कुजका वास पसरला. "भाभी, इससे नहाते थे आप लोग?" त्याने विचारलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि मोरीच्या कडेलाच ओकल्या. मी त्यांची पाठ धरून उभी राहिले.

गिझर भंगारात गेला. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की चांगला चालता गिझर वायरमनने उघडून बिघडवला.

पुढे आम्ही दोघांनी मीरा रोडला खोली घेतली. सासूबाईंना मी मनापासून म्हटलं, "आई, तुम्हीही चला."

त्या म्हणाल्या, "त्याला कोण करून घालणार? त्याला तेव्हा कळलं नसेल गं."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सणावारी आम्ही जायचो, मी भाऊजींना वाढायचे, पण ते जेवत असताना तिथे बसणं मला कधी जमलं नाही.