आईच्या जागी दोन पोती तांदूळ

दसऱ्याला आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये शस्त्रपूजा होते. शस्त्रं म्हणजे दोन लॅपटॉप, मिक्सर, विळी, बाबाचे स्क्रूड्रायव्हर आणि माझं ऑफिसचं ॲक्सेस कार्ड. त्या वर्षी पाटावर या सगळ्यांच्या मधोमध स्टीलचा तीन पात्यांचा पंखा बसला होता. बोटीच्या मोटरचा. आईनं प्रत्येक पात्याला हळदकुंकू लावलं, मधल्या भोकात झेंडूचं फूल खोचलं आणि हात जोडले.

तो पंखा आमचा नव्हता. दुकानदारानं नुसता लावून बघायला दिला होता.

“अगं, हा परत करायचाय!” ऑफिसातून आल्या आल्या बाबा ओरडला.

“पूजा झालेली वस्तू अशी परत देतात का?” आई म्हणाली. “आणि ऐका. आता मी बसेन बोटीत. पण याच पंख्यावर.”

बाबानं ऑफिसची पिशवी खाली ठेवली आणि तो आरतीला उभा राहिला.

आईनं बोटीत बसावं यासाठी बाबानं काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. त्यानं आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रानं, म्हणजे काकानं, अर्धी अर्धी वर्गणी काढून एक जुनी बोट घेतली होती. मागे दोनशे हॉर्सपॉवरची मोटर. बाबानं लायसन्सची परीक्षा दिली, गाठी मारायला शिकला. आमच्या पडद्यांच्या दोऱ्या अजून त्या गाठींत आहेत. इतकी वर्षं या बेटाएवढ्या देशात राहून आई एकदाही पाण्यावर गेली नव्हती. “एकदा तुला हे बेट बाहेरून दाखवतो,” एवढंच तो म्हणायचा.

पहिल्या खेपेला तिला बेट दिसलंच नाही. बोटीनं नाक वर केलं ते खाली आणलंच नाही. मोटर घुसमटल्यासारखी घुरघुरत होती, मागून पाणी ढवळून निघत होतं आणि आम्ही सगळे दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखे आभाळाकडे बघत चाललो होतो. धक्क्यावर उतरल्यावर आई म्हणाली, “आभाळ आपल्या बाल्कनीतून दिसतं.” ती पुन्हा यायची नव्हती.

दुकानदाराच्या मते दोष पंख्याचा होता. बाबानं ते जेवताना समजावलं. पंखा एका फेरीत पाण्यातून जितके इंच पुढे जाऊ पाहतो, तो त्याचा पिच. आमचा होता एकवीसचा. चढावर सायकल सगळ्यात जड गिअरमध्ये घालून निघायचं, तसं. बोटीत सगळं वजन भरून पूर्ण वेग दिला की मोटरच्या फेऱ्यांची सुई पाच हजारांच्या बरीच पुढे जायला हवी. आमची साडेचारलाच दमत होती. म्हणून एकोणीसचा पंखा लावून बघायला मिळाला. जमला तर विकत घ्यायचा, नाहीतर परत.

आता तो जमणं भाग होतं, कारण आई त्याच्यावरच बसणार होती.

शनिवारी चाचणी ठरली. आईला न्यायचं नाही, तिला थेट यशच दाखवायचं, असं बाबाचं मत. पण मग तिचं वजन कुठून आणायचं? आदल्या संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“आईचं वजन किती असेल गं?”

“डोन्ट नो,” मी म्हटलं.

मला माहीत होतं. नोव्हेना भागातल्या क्लिनिकमध्ये मीच तिच्याबरोबर जाते. काट्यावरून उतरताना ती दर वेळी माझ्याकडे बघून म्हणते, “हे घरी नाही सांगायचं.” मी तशीही घरी फार काही सांगत नाही.

“पन्नास धरू,” बाबा म्हणाला. इतक्या खात्रीनं, की तो आकडा बहुतेक त्यांच्या लग्नातला असावा.

त्यामुळे शनिवारी आईच्या सीटवर पंचवीस किलोची तांदळाची दोन पोती एकावर एक बसली. बाबानं त्यांना लाइफ जॅकेट घातलं. नियम म्हणजे नियम.

“वहिनी आज फारच शांत आहेत,” काका म्हणाला.

वळणावर वरचं पोतं घसरलं, तर बाबा मागे वळून ओरडला, “अगं, घट्ट धर!” मग कान लाल करून पुढे बघत राहिला. माझं काम सुईवर लक्ष ठेवायचं होतं. एवढ्यासाठीच मला आणलं होतं आणि मला ते आवडलं होतं. सुई आपल्याला काही विचारत नाही. बाबानं हँडल पूर्ण पुढे ढकललं. बोटीनं नाक उचललं, बराच वेळ विचार केला आणि कशीबशी आडवी झाली. सुई पाच हजारांवर टेकली, जेमतेम पास होणाऱ्या मुलासारखी.

“पाच!” बाबानं टाळी वाजवली. “बसला आपला पंखा!”

मी सुईचा फोटो काढला. पोत्यांकडे बघितलं नाही.

दुपारी आम्ही पंखा मोटरवरून काढला आणि तो दाखवून पैसे द्यायला काकाच्या गाडीतून दुकानात गेलो. पोती डिकीतच होती. घरून आईला घेतलं होतं; दुकानदाराची वस्तू ठेवून घेतोय म्हणून तिनं बेसनाचे लाडू आणले होते. दुकानदार म्हणजे बनियन घातलेले एक वयस्कर चिनी अंकल. काउंटरखाली जमिनीवर त्यांचा लाल देव्हारा, पुढे संत्री, उदबत्त्या. बाबानं सुईचं सांगण्याआधीच त्यांनी पंखा उलटा केला आणि आतल्या लाल-पिवळ्या थराला बोट लावलं.

“धिस वन करी, आह?”

बाबानं दसऱ्याची कथा रामापासून सुरू केली. अंकल माझ्याकडे बघायला लागले.

“प्रेयर,” मी म्हटलं.

त्यांनी बोट पटकन मागे घेतलं. एक धुतलेला टॉवेल काढून अंथरला आणि पंखा त्याच्यावर ठेवला. मग फोटोतली सुई बघितली.

“फुल लोड?”

“फुल,” बाबा म्हणाला.

“आंटी ऑल्सो?”

बाबा घुटमळला. “आंटी... इक्विव्हॅलंट.”

“काय म्हणतायत ते?” आईनं मला विचारलं. मी देव्हाऱ्यातली संत्री बघत होते.

“वहिनी, तुमच्या जागी आम्ही तांदूळ ठेवला होता,” काका म्हणाला. त्याच्या पोटात काही राहत नाही.

“किती?”

“दोन पोती.”

आई स्वयंपाकघरातली बाई आहे, पोतं केवढ्याचं असतं ते तिला सांगावं लागत नाही. तिनं बाबाकडे बघितलं. बाबानं पंख्याकडे. मला वाटलं, संपलं. आता ही कधीच यायची नाही. आणि आकडा मला विचारला तर मी काय करणार?

“सिक्स्टी-एट,” आई सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली. “आणि ते नाश्त्याच्या आधी.”

मग ती बाबाकडे वळली. “जीव माझा जाणार आहे ना? मग खरं सांगा. अजून काय काय घरी ठेवून गेला होतात?”

“टाकी अर्धीच होती,” बाबा म्हणाला.

“नांगर धक्क्यावर काढून ठेवला होता,” काका म्हणाला. “बर्फाची पेटीपण. आणि आमची ही.”

अंकलनी हे सगळं मान हलवत ऐकलं, जसं काही रोजच कोणीतरी येऊन असे गुन्हे कबूल करतं. मागच्या फळीवरून दुसरा पंखा काढला. दिसायला अगदी तसाच. “सेव्हन्टीन, लाह.”

“पण पूजा?” बाबा म्हणाला. “तू म्हणालीस, याच पंख्यावर...”

“तेव्हा मला कुठे माहीत होतं तुम्ही मला अर्धी केलीय ते? उत्तरपूजा करते.” आई माझ्याकडे वळली. “अक्षता आण.”

मी डिकी उघडली, वरच्या पोत्याची शिवण उसवली आणि जिथे आईचा खांदा आला असता तिथले मूठभर तांदूळ काढून आणले. पर्समधल्या डबीतल्या कुंकवानं आईनं ते लाल केले. एकोणीसच्या पंख्यावर अक्षता वाहिल्या, त्याला टॉवेलवर जरासं सरकवलं आणि हळूच म्हणाली, “आलास, बरं वाटलं. आता ज्याची बोट असेल त्याच्याकडे नीट जा.” अंकलनी देव्हाऱ्यातलं एक संत्रं उचलून पंख्याशेजारी ठेवलं.

“कॅन टेक ऑलरेडी?” पंखा उचलायची खूण करत त्यांनी विचारलं.

“कॅन,” आई म्हणाली.

सतराच्या पंख्याला कुंकू लावायला बाबा पुढे झाला, तर तिनं त्याचा हात धरला. “आधी बिल करा.”

रविवारी टाकी काठोकाठ होती. नांगर होता, बर्फाची पेटी होती, काकू होती आणि आई, डोळे घट्ट मिटून, दोन्ही हातांनी दांडी धरून. बाबानं हँडल ढकललं. बोटीनं नाक वर केलं आणि आईनं माझं मनगट पकडलं. मी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायच्या आत नाक खाली आलं. पाणी सपाट झालं. मोटरचा आवाज मोकळा झाला.

“सुई कुठाय?” आईनं डोळे न उघडता विचारलं.

“साडेपाचच्या जवळ,” मी म्हटलं. मराठीत.

“म्हणजे माझ्यामुळे काही अडत नाहीये?”

“नाही.”

तिनं डोळे उघडले. समोर आभाळ नव्हतं. हिरवी किनार होती आणि तिच्यावर एकसारख्या उंच इमारती, वाळत घातलेल्या कपड्यांसकट.

“यातली आपली कुठली?” तिनं विचारलं. बाबानं हात दाखवला. मला वाटतं, भलत्याच इमारतीकडे. आईनं माझं मनगट सोडलं आणि उरलेल्या लाडवांचा डबा मागितला.