स्कॅनरने पुसलेलं कुंकू

जुनी रंगीत निगेटिव्ह स्कॅन करताना मी भलतंच बटण दाबलं आणि आईबाबांचा सत्यनारायणाचा फोटो कृष्णधवल उतरला. घरात यंत्रांतला जाणकार मीच. म्हणजे तसं मीच म्हणतो. स्कॅनर प्रत्येक ठिपक्यातला लाल, हिरवा, निळा मोजून त्यांचा एकच करडा करतो. माझ्या कृपेने त्याने नुसता लाल मोजला होता, आणि त्या मापात कुंकू नि कपाळ सारखंच उजळ. शेजारी बाबा हसताहेत आणि आईचं कपाळ रिकामं! बाबा गेल्यावरची आई त्यांच्या हयातीतच पाटावर येऊन बसली होती. वाटलं, हे कपाळ त्या फिल्ममध्ये तेव्हापासूनच वाट बघत असणार.

बायको मागून बघत होती. हळूच म्हणाली, "अहो, आधी ते कुंकू परत आणा. शेजारी बसलेल्या बाबांचं लक्ष जायच्या आत."